पुन्हा हाती पाटी

मराठी विषयात एम. ए. झालो आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी मी निरक्षर झालो.

या वाक्यात अतिशयोक्ती नाही. १९९० च्या जुलै महिन्यात माझा निकाल लागला. त्याच वर्षी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या एका शिष्यवृत्तीसाठी माझी निवड झाली होती. मॉस्कोतील एका विद्यापीठाच्या पूर्वतयारी विभागात वर्षभर राहून रशियन भाषा शिकायची, असे तिचे स्वरूप होते. परदेशांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी आधी एक वर्ष रशियन शिकावे आणि मग वैद्यक, अभियांत्रिकी किंवा साहित्य यांकडे वळावे, अशी तेथील पद्धत होती. मला पुढचे काही शिकायचे नव्हते; मला भाषाच हवी होती.

या ओढीचे मूळ लहानपणात होते. मॉस्कोतील प्रकाशनगृहे त्या काळी मराठीतही पुस्तके छापत. गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची ती पुस्तके आमच्या तालुक्याच्या गावी प्रदर्शनात अगदी थोड्या पैशांत मिळत. बर्फावरून धावणाऱ्या घसरगाड्या, अस्वले, भूर्ज वृक्षांची बने हे सारे मी सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात, कंदिलाच्या उजेडात मराठीतून पाहिले होते. ज्या भाषेतून हे सारे आले, ती भाषा आपल्याला यावी, असे तेव्हापासून मनात होते.

सप्टेंबरमध्ये मी मॉस्कोला पोहोचलो आणि पहिल्याच दिवशी गर्व उतरला. रशियन लिपीत तेहतीस अक्षरे आहेत. त्यांतली काही इंग्रजी अक्षरांसारखी दिसतात आणि तीच नवख्याला फसवतात. इंग्रजी 'पी'सारखे दिसणारे अक्षर तिथे 'र' असते, 'सी'सारखे दिसणारे 'स' असते, 'एच'सारखे दिसणारे 'न' आणि 'बी'सारखे दिसणारे 'व'. वसतिगृहाजवळच्या एका इमारतीवरची ठळक पाटी मी मोठ्या आत्मविश्वासाने 'पेक्टोपाह' अशी वाचली. ते 'रेस्तोरान' होते, म्हणजे साधे उपाहारगृह! ज्याने ज्ञानेश्वरीच्या भाषेवर निबंध लिहिला होता, त्याला आता दुकानावरची पाटी वाचता येत नव्हती.

दुसऱ्याच आठवड्यात मी भुयारी रेल्वेत चुकलो. मॉस्कोतील ही रेल्वे १९३५ मध्ये सुरू झाली. तिच्या अनेक स्थानकांत मधोमध फलाट असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना विरुद्ध दिशांनी गाड्या येतात. उतरायच्या स्थानकाचे नाव एका कागदावर लिहून घेतले होते. पण कोणत्या बाजूच्या गाडीत बसावे, ते कळेना. वर मोठी पाटी होती, तिच्यावर स्थानकांची नावे होती. माणसे क्षणभर तिच्याकडे पाहत आणि गाडी पकडत. मी मात्र दोन गाड्यांच्या मधे, कागद हातात धरून उभा होतो. शेवटी एका गृहस्थांना थांबवून मी तो कागद पुढे केला. ते घाईत होते. त्यांनी वर बोट दाखवले, "ताम नपीसना," असे म्हणाले आणि गर्दीत नाहीसे झाले.

'ताम' म्हणजे 'तिथे', एवढे मला पहिल्या धड्यामुळे ठाऊक होते. उरलेला शब्द मी मनात घोळवत राहिलो. एका आजीबाईंनी मला हाताला धरून योग्य गाडीत बसवले. रात्री खोलीवर येऊन शब्दकोश उघडला. 'नपीसना' म्हणजे 'लिहिलेले आहे'. ते गृहस्थ म्हणाले होते, "तिथे लिहिलेले आहे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. ऐकले कसले, ते मीच उच्चारले होते.

मी तेव्हा सातवीत होतो. माझी आई शाळेत कधी गेली नव्हती. आम्ही दोघे मामांच्या गावाहून परत येत होतो. एस. टी. स्टँडवर गाडी लागली. आईने मला विचारले, "ही कुठली गाडी हाय रं?" आजूबाजूला माझ्या वर्गातली दोन मुले उभी होती. मला संकोच वाटला आणि शाळेतल्या शुद्ध भाषेत मी तिच्यावर खेकसलो, "तिथं पाटीवर लिहिलंय की! दिसत नाही का?" आई काही बोलली नाही. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली, एवढेच. पंधरा वर्षांत ही घटना मला एकदाही आठवली नव्हती. मॉस्कोच्या फलाटावर कागद घेऊन उभे राहिल्यावर ती आठवली. पाटी दिसते, पण वाचता येत नाही, म्हणजे काय, हे तेव्हा प्रथमच कळले.

मी आईला पत्र लिहायला बसलो. चार ओळी लिहिल्या आणि थांबलो. ते पत्र तिला शेजारचे गुरुजी वाचून दाखवणार होते. क्षमा मागायची, तीही तिसऱ्याच्या तोंडून! मी थंडीविषयी आणि जेवणाविषयी लिहिले आणि पाकीट बंद केले.

आमच्या वर्गात नऊ जण होतो. व्हिएतनाम, सीरिया, इथिओपिया, क्यूबा अशा निरनिराळ्या देशांतून आलेले. कोणाची भाषा कोणाला येत नव्हती. बाई रशियनखेरीज दुसऱ्या भाषेत एक अक्षरही बोलत नसत. त्या भिंतीकडे, खिडकीकडे, पुस्तकाकडे बोट दाखवत आणि म्हणत, "हे पुस्तक आहे. हे काय आहे?" आणि पंचविशीतली आम्ही माणसे एका सुरात उत्तर देत असू, "हे पुस्तक आहे." त्यांनी प्रत्येकाला एक लहान आरसा आणायला सांगितले होते. जीभ कुठे टेकते आणि ओठ कसे होतात, हे आरशात पाहून उच्चार करायचे. रशियनमध्ये 'इ' आणि 'उ' यांच्या मधला वाटावा असा एक स्वर आहे. तो साधण्यासाठी मी पंधरा दिवस आरशासमोर तोंड वेडेवाकडे करीत होतो.

पहिल्या श्रुतलेखनात मला दोन गुण मिळाले. तेथे पाच हा सर्वोत्तम गुण आणि दोन म्हणजे अनुत्तीर्ण. मान खाली घालून बसलो असता बाईंनी माझी वही घेतली. एकोणीस चुकांखाली लाल रेघा होत्या. त्यांनी त्या चुकांना हात लावला नाही. बरोबर आलेला प्रत्येक शब्द त्यांनी हिरव्या पेन्सिलीने अधोरेखित केला आणि वही परत दिली. हिरव्या रेघा लालपेक्षा कितीतरी अधिक होत्या. शिकवणे म्हणजे काय, याचा एक धडा मला त्या दिवशी मिळाला.

वर्गाबाहेर आम्हा नऊ जणांची एकच भाषा होती, मोडकी रशियन. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात व्हिएतनामचा मित्र भात शिजवी, मी बटाट्याची भाजी करी आणि दोघेही चुकीच्या विभक्तीत एकमेकांच्या घरची चौकशी करीत असू. आमची रशियन आम्हाला छान समजे. ती न समजण्याची अडचण फक्त रशियन माणसांना येई!

हळूहळू त्या परक्या भाषेत ओळखीचे चेहरे दिसू लागले. भुयारी रेल्वेत प्रत्येक स्थानकावर एक सूचना ऐकू येई. एक दिवस तिच्यातला 'द्वेरी' हा शब्द कानात स्पष्ट उतरला. द्वेरी म्हणजे दारे! संस्कृतातले 'द्वार' आणि आपले 'दार' तिथे माझ्यासमोर उघडमिट करीत होते. "सावध राहा, दारे बंद होत आहेत. पुढचे स्थानक अमुक." रशियन भाषेतले हे पहिले वाक्य मला कोणीही न समजावता समजले. मग असे शब्द मी वेचू लागलो. 'ब्रात' म्हणजे भाऊ, आपला भ्राता. 'अगोन' म्हणजे अग्नी. 'नेबा' म्हणजे आकाश, आपले नभ. 'द्वा', 'त्री', 'चितीरे' म्हणजे दोन, तीन, चार. रशियन आणि मराठी या भाषा एकाच मोठ्या भाषाकुलातल्या असल्याचे मी पुस्तकात वाचले होते. आता त्या नात्याचा अनुभव येत होता.

व्याकरणातही मराठी माझ्या मदतीला आली. रशियनमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत. आपण 'तो गेला, ती गेली, ते गेले' म्हणतो, तसेच भूतकाळात तिथेही क्रियापद लिंगाप्रमाणे बदलते. 'तू' आणि 'तुम्ही' यांतला भेदही तिथे आहे. आपण देवाला आणि आईला 'तू' म्हणतो, तेही म्हणतात. त्यांच्या पूर्ण नावातही आधी स्वतःचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असते. मात्र शिक्षकांना हाक मारताना ते 'बाई' किंवा 'सर' म्हणत नाहीत. स्वतःचे नाव आणि त्याला जोडून वडिलांचे नाव उच्चारतात. आदर दाखवण्याची तीच रीत.

विभक्तींनी मात्र घाम फोडला. आपण 'घराला, घरात, घराने' म्हणतो. रशियनमध्ये 'दोम' म्हणजे घर. पण वाक्यातल्या कामाप्रमाणे त्याचे दोमा, दोमू, दोमम, दोम्ये असे होत जाते. अशा सहा विभक्ती. शाळेत विभक्तीचे तक्ते मी परीक्षेपुरते पाठ केले होते. इथे विभक्ती चुकली, तर दुकानात वस्तू मिळत नव्हती.

आणि क्रियापदांची आणखी एक गंमत. मराठीत आपण पायी गेलो काय किंवा आगगाडीने गेलो काय, 'गेलो' एवढे म्हटले की पुरते. रशियनमध्ये पायी जाण्याचे क्रियापद वेगळे आणि वाहनाने जाण्याचे वेगळे. वर्गात स्वतःची ओळख करून देताना मी म्हणालो, "मी भारतातून आलो." बाईंनी खडू उचलून फळ्यावर हिमालय काढला आणि त्यावरून काठी टेकत येणारा एक माणूस काढला. मी 'चालत आलो' असे म्हटले होते! वर्ग हसला, मीही हसलो. हसू थांबल्यावर बाई म्हणाल्या, "हरकत नाही. आमचाही एक माणूस तुमच्याकडे गेला होता आणि त्याच्या पुस्तकाच्या नावातही हेच चालणे आहे."

तो माणूस म्हणजे अफानासी निकितीन. वोल्गा नदीकाठच्या त्वेर शहराचा हा व्यापारी पंधराव्या शतकात इराणमार्गे समुद्र ओलांडून कोकणातल्या चौल बंदरात उतरला. तिथून तो जुन्नरला गेला, पावसाळा तिथे काढला आणि पुढे बीदरला पोहोचला. परतीच्या प्रवासात, घर गाठण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला. पण त्याने लिहिलेली टिपणे मागे राहिली. 'तीन समुद्रांपलीकडची भ्रमंती' असे त्या पुस्तकाचे नाव आहे. चौलजवळ रेवदंड्याला आज त्याचे स्मारक आहे. चौलच्या बाजारात उभा असताना तोही कोणाला तरी खुणांनी वाट विचारत असेल, या विचाराने मला धीर आला.

माझी खरी शाळा मात्र रांगेत भरत असे. १९९०-९१ चा तो हिवाळा तिथल्या लोकांना फार कठीण गेला. दुकाने रिकामी असत, साखर शिधापत्रावर मिळे आणि कशासाठीही रांग लावावी लागे. रांगेत शिरताना "शेवटचे कोण?" असे विचारायचे, कोणी हात वर केला की "मी तुमच्यामागे" असे म्हणायचे. ही दोन वाक्ये येऊ लागली, तेव्हा मी त्या शहराचा झालो. अनेक दुकानांत आधी वस्तू पाहायची, मग रोखपालाच्या खिडकीशी रक्कम सांगून पैसे भरायचे आणि पावती घेऊन पुन्हा वस्तूच्या रांगेत यायचे, अशी पद्धत होती. म्हणजे आकडा तोंडाने अचूक सांगणे भाग होते. रशियनमध्ये एक रूबल असेल तर 'रुब्ल', दोन ते चार असतील तर 'रुब्ल्या' आणि पाचापासून पुढे 'रुब्लेय'. एकदा मी 'दोन रुब्ल' असे म्हणालो. खिडकीतल्या बाईंनी कपाळाला आठी घातली. तेवढ्यात माझ्यामागे उभ्या असलेल्या एका वृद्धेने माझ्या बाहीला हात लावला आणि हळूच म्हटले, "द्वा रुब्ल्या." मी ते म्हटले. "आणि पाच असतील तर?" तिने विचारले. "प्यात रुब्लेय," मी उत्तरलो. तिने समाधानाने मान हलवली. मागे वीस माणसे थंडीत कुडकुडत उभी होती. पण माझी परीक्षा संपेपर्यंत कोणीही ओरडले नाही.

२२ जानेवारी १९९१ च्या रात्री दूरदर्शनवर बातमी आली. आम्ही सगळे वसतिगृहाच्या दिवाणखान्यात बसलो होतो. 'पन्नास' आणि 'शंभर' हे दोन आकडे मला ऐकू आले, बाकीचे निसटले. स्थानिक विद्यार्थी ताडकन उठून बाहेर धावले. पन्नास आणि शंभर रूबलच्या जुन्या नोटा बाद होणार होत्या आणि त्या बदलून घ्यायला तीनच दिवस मिळणार होते. माझ्याकडे अशा दोन नोटा होत्या. ज्याला भाषा येत नाही, त्याच्यापर्यंत संकटाची बातमीसुद्धा सर्वांत शेवटी पोहोचते, हे त्या रात्री समजले. दुसऱ्या दिवशी बाईंनी धडा बाजूला ठेवला आणि सरकारी सूचना सोप्या रशियनमध्ये फळ्यावर लिहून समजावली. पुढे २ एप्रिलला वस्तूंचे भाव वाढले आणि अनेक वर्षे पाच कोपेक असलेले भुयारी रेल्वेचे भाडे पंधरा कोपेक झाले. भाडे तिप्पट झाले. पण पाच काय किंवा पंधरा काय, 'कोपेक' शब्दाचे षष्ठीचे रूप तेच राहिले, एवढेच माझ्या वाट्याचे समाधान!

त्या दिवसांत मला अण्णाभाऊ साठे यांची वारंवार आठवण होई. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेले अण्णाभाऊ मुंबईत आल्यावर दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांची भित्तिपत्रके वाचत अक्षरे शिकले, असे सांगतात. तेच अण्णाभाऊ १९६१ मध्ये रशियाला गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक त्यांनी लिहिले. पुढे २०२२ मध्ये मॉस्कोतील विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसवण्यात आला. त्या शहरातल्या पाट्या वाचत हिंडताना मला वाटे, आपण त्यांच्याच शाळेत उशिरा नाव घातले आहे.

वसंत ऋतू आला, बर्फ वितळले आणि मी चेखॉव्हची एक लहान कथा शब्दकोशाची फारशी मदत न घेता वाचली. जूनअखेर परीक्षेत मला चार गुण मिळाले. जुलैमध्ये मी भारतात परतलो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. माझ्या प्रमाणपत्रावर ज्या देशाचे नाव होते, तो देश नकाशावरून गेला. भाषा मात्र राहिली. आजही हजारो भारतीय विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जातात. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असले, तरी रुग्णाला कुठे दुखते, हे त्यांना रशियनमधूनच विचारावे लागते.

मी घरी आलो, तेव्हा आई अंगणात तांदूळ निवडत होती. पत्रात जे लिहिता आले नव्हते, ते मी तिच्याजवळ बसून सांगितले. स्टँडवरचे ते वाक्य तिला आठवत होते का, हे तिने सांगितले नाही. "तिकडं लई थंडी व्हती का?" एवढेच तिने विचारले. थोड्या वेळाने मात्र सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "मला येईल का रं आता?"

आम्ही त्याच आठवड्यात सुरुवात केली. 'अ आ इ ई' पासून नव्हे. मॉस्कोच्या बाईंनी मला वस्तू दाखवून शिकवले होते. मी आईला तिच्या रोजच्या गाड्यांपासून शिकवले. पहिला शब्द 'कराड', कारण तो सोपा आणि तिच्या येण्याजाण्याचा. मग 'सातारा'. 'रा' दोन्हींत आहे, हे तिचे तिनेच हेरले. चुकीवर काट मारायची नाही, जे बरोबर आले त्याखाली रेघ ओढायची, हा नियम मी पाळला. पुढे गावात साक्षरता वर्ग सुरू झाला, तेव्हा ती स्वतःहून पाटी घेऊन त्यात जाऊन बसली.

एकदा आम्ही दोघे त्याच स्टँडवर उभे होतो. माझा चष्मा घरी राहिला होता. गाडी लागली. मी विचारले, "आई, कुठली गाडी आहे ग ही?"

आईने पाटीकडे पाहिले. ओठ किंचित हलले. मग ती म्हणाली, "तितं लिवलंय की. कराड." आणि मला पुढे घालून ती गाडीकडे निघाली.

एखादी गोष्ट येत नसणे हा दोष नव्हे. ज्याला येते, त्याने न येणाऱ्याला खजील करणे हा दोष. रशियन भाषेतले पुष्कळ शब्द मी आता विसरलो आहे. हे मात्र विसरलेलो नाही.